बाईंनी पाडलेलं भोक

बाई म्हणजे एकतीस वर्षं शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या बाई. त्यांना सगळे बाईच म्हणत, अगदी नवरासुद्धा. निवृत्तीनंतर सहा महिन्यांत त्यांनी घरातल्या झाडून सगळ्या उशा, पडदे आणि पलंगपोसांना झालर लावली. लावायला काही उरलं नाही आणि त्या नवऱ्याच्या लुंगीकडे बघू लागल्या, तेव्हा सुनेने कुठूनसं शोधून काढलं की परदेशात निराधार मुलांचं एक घर आहे आणि तिथे दोन महिने सेवा करायला माणसं हवी आहेत. सुनेला काळजी मुलांची होती की पडद्यांची, हे आपण न विचारलेलं बरं.

बाई मात्र हुरळून गेल्या. "अनुभवी माणसाची गरज असते हो अशा ठिकाणी," असं त्यांनी निदान चाळीस जणांना ऐकवलं.

पोहोचल्या त्या दिवशी संचालिकाबाईंनी समोर बसवून इंग्रजीत नियम सांगितले. बाईंचं इंग्रजी मोडकं होतं, पण समजण्यापुरतं होतं. अडचण इंग्रजीची नव्हतीच. नियम चालू असताना बाई मनात स्वतःच्या अनुभवाबद्दलची वाक्यं जुळवत होत्या, त्यामुळे "मुलांच्या वस्तूंमधलं काहीही, अगदी कपटासुद्धा, त्यांना विचारल्याशिवाय टाकायचं नाही" या नियमाला त्यांनी मान डोलावली आणि लगेच आपली एकतीस वर्षं सुरू केली.

काम मिळालं मोजे रफू करायचं. धुण्याच्या खोलीत खिडकीशी टेबल, त्यावर छत्तीस मुलांच्या मोज्यांचा ढीग. बाईंचा जरा हिरमोड झाला. पण घरच्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकताना त्यांनी "वस्त्रविभाग सांभाळते आहे" असं लिहिलं.

तिथेच त्यांनी कोटवालीला हेरलं. सात-आठ वर्षांची पोर, उन्हातही तपकिरी कोट घालून फिरणारी. जेवताना कोट, खेळताना कोट. फक्त आंघोळीपुरता तो धुण्याच्या खोलीतल्या खुंटीवर यायचा. त्याचं अस्तर डाव्या बाजूला वीतभर फाटलेलं होतं आणि ते बघून बाईंच्या जिवाची नुसती तगमग व्हायची. इथल्या बायकांना डोळे नाहीत की काय?

चौथ्या दिवशी पोर आंघोळीला गेली आणि बाईंनी कोट खाली काढला. अस्तरात हात घालून आतला गाळ उपसला: धाग्यांचे पुंजके, एक कागदाचा कपटा, शेंगांची टरफलं. सगळं कचऱ्याच्या डब्यात. मग दुहेरी दोऱ्याने अशी बारीक उलटी टीप घातली की शिवण कुठे आहे हे वरून कळू नये. कोट झटकून खुंटीला लावला आणि त्या पोरीच्या चेहऱ्यावरचा आनंद बघायला सज्ज होऊन बसल्या.

पोर आली. कोट घातला. डावा हात सवयीने आत गेला आणि अडला. तिने अस्तर चाचपलं, पुन्हा चाचपलं, आणि ती खालीच बसली. रडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. ती नुसती अस्तर चोळत राहिली.

स्वयंपाकीणबाई धावत आल्या. त्यांनाही तोडकंमोडकं इंग्रजी येत होतं. "तिकीट कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"कसलं तिकीट?"

"बसचं. परतीचं. दोन वर्षांपूर्वी हिच्या आईने हिला इथे सोडलं. जाताना तिकीट हातात देऊन म्हणाली, हे सांभाळ, घरी जाताना लागेल. ते अस्तरात असतं. म्हणून तर आम्ही कोणी ते शिवत नाही!"

बाई डब्याकडे धावल्या. डबा? डबा तर मघाशीच मागच्या अंगणातल्या पिंपात रिकामा झाला होता.

मग एकतीस वर्षांचा अनुभव अंगणात फतकल मारून बसला आणि मोठ्या पिंपातली बटाट्याची सालं उपसू लागला. "वस्त्रविभाग!" बाई स्वतःलाच म्हणत होत्या. "काढ आता फोटो! घाल ग्रुपवर!" कोपरापर्यंत हात बरबटले, चहाचा चोथा पदरावर सांडला. पोर पिंपाशी उभी राहून प्रत्येक मूठ बघत होती. देवा, एवढं एक सापडू दे, पुन्हा कोणाच्या कशाला हात लावणार नाही, असं बाईंनी मनापासून म्हटलं.

सापडलं. एका सालाला चिकटलेलं, ओलं, अक्षरं जवळजवळ पुसलेली. बाईंनी ते रुमालात टिपलं, टेबलावर वाळत ठेवलं, आणि तेवढ्या वेळात खोड जाते कुठे, कोटासाठी शाळेतल्या नमुन्यासारखा एक झकास खिसा शिवला, झाकण आणि बटणासकट. पोरीने खिसा बघितला, मान हलवली आणि अस्तरातल्या त्या जागेवर बोट ठेवलं.

"अगं, खिशात नीट राहील ना," बाई मराठीतच म्हणाल्या.

पोरीने पुन्हा तिथेच बोट ठेवलं. आईने तिकीट दिलं तेव्हा खिसा नव्हता, भोक होतं.

बाई उसवायला बसल्या. पण शिवण कसली, तटबंदी होती ती! टाका सुटता सुटेना. "एवढं पक्कं शिवायला कोणी सांगितलं होतं, बाई?" असं स्वतःवर चरफडत त्यांनी अर्धा तास ब्लेड चालवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा चांगल्या कपड्याला स्वतःच्या हाताने भोक पाडलं. पोरीने हात घालून बघितला. आणखी थोडं, अशी खूण केली. बाईंनी आणखी थोडं फाडलं. ज्या बाईंनी एकतीस वर्षं मुलींच्या वह्यांतले नमुने नापास केले, त्या आता श्वास रोखून निकालाची वाट बघत होत्या.

पोरीने तिकीट आत सोडलं, बाहेरून चाचपून जागेवर सरकवलं, कोटाची बटणं लावली. मग जाता जाता पायातला एक मोजा काढून तिने बाईंसमोर टेबलावर ठेवला. त्याच्या टाचेला भोक होतं.

बाईंनी तो उचलला आणि आधी तिच्याकडे बघून विचारलं, "शिवू?"

पोरीने मान डोलावली. बाईंना ते टाचेचं भोक काही केल्या दिसेना, डोळे असे भरून आले होते.

संध्याकाळी ग्रुपवर नवऱ्याने विचारलं, "आज काय केलंत, बाई?"

"एक भोक पाडलं," त्यांनी लिहिलं.

"त्यासाठी एवढ्या लांब गेलात?"

"हो," बाईंनी लिहिलं. "इथे ते मला एका छोट्या पोरीला विचारून करावं लागलं."