खिडकीला ठोकलेला मेंदू

मी एक जुनी फिल्म आहे, पण सिनेमाची नव्हे. तेर गावच्या बब्रुवानच्या मेंदूचे सोळा फोटो माझ्या अंगावर आहेत. मित्रांनो, मी रागावलेली आहे, तेव्हा माझ्याकडून गोड बोलणं होणार नाही.

दारूपायी बब्रुवान झटका येऊन एसटी स्टँडवर पडला, तेव्हा धाराशिवला माझा जन्म झाला. डॉक्टरांनी मला उजेडावर धरलं आणि त्याच्या बायकोला, कस्तुराबाईला, सांगितलं, "कपाळामागचा हा भाग आक्रसलाय. मनाला आवर घालायचं काम याचं. म्हणून तुमचे यजमान पुन्हा प्यायला लागण्याचा धोका जास्त आहे. वर्षभर गोळ्या आणि तपासणीच्या तारखा चुकवू नका. दारू बंद राहिली तर यातलं थोडंफार भरूनही येतं." त्या दिवशी घरच्यांनी मला दोन्ही हातांनी जपून आणलं.

तीन महिने बब्रुवान थेंबाला शिवला नाही. मग थोरले भाऊ दगडोबा त्याला तुळजापूरला घेऊन गेले. गळ्यात कवड्यांची माळ पडली, शपथ झाली. घरी येताच दगडोबांनी कोनाड्यातल्या गोळ्या काढल्या.

"आता ह्या कशाला? आईची शपथ घिऊन वर गोळ्या खायच्या म्हंजी आईवर इस्वास न्हाय असं व्हतंय."

कस्तुराबाई चुलीकडं वळली. गोळ्या उकिरड्यावर गेल्या आणि मी स्वयंपाकघराच्या फुटक्या खिडकीला, चार खिळे ठोकून. त्यातला एक खिळा नेमका कपाळामागच्या भागात! अक्कल काय गहाण टाकली होती यांनी?

सव्वा महिन्यानं बब्रुवान पिऊन आला. पिण्याआधी त्यानं माळ काढून देवघरात ठेवली होती, आईला वास लागू नये म्हणून. दगडोबा ओरडले, "शपथ मोडलीस! माणूस हाईस का कोण?" पाय मोडलेल्याची काठी काढून घ्यायची आणि पडला की त्यालाच शिव्या द्यायच्या, ही कुठली रीत? माझा नुसता संताप झाला.

कस्तुराबाईनं खिळे उपसले. पदरानं माझी काजळी पुसली. "भावजी, गोळ्या टाका म्हणून आईनं कवा सांगितलं हुतं?" एवढंच ती बोलली आणि सकाळच्या गाडीनं मला आणि नवऱ्याला घेऊन धाराशिवला निघाली.

मित्रांनो, शपथ खुशाल घाला. पण रोज गोळी हातावर ठेवा आणि तारखेला सोबत जा.

डॉक्टरांनी मला पुन्हा उजेडावर धरलं. "ही भोकं कशानं पडली?"

बब्रुवाननं मान खाली घातली.

"ह्येंनी न्हाय पाडली, डाक्टरसाहेब," कस्तुराबाई म्हणाली. "आमी पाडली."