निळ्या ओठांचा देव

त्र्याहत्तर सालच्या दिवाळीत आकाराम सुट्टीला म्हणून खिलारमाळच्या फाट्यावर एस.टी.तून उतरला, तेव्हा त्याला वाटलं, आपण चुकीच्या गावी उतरलो. एरवी जिथे एखादं कुत्रं पाय पसरून पडलेलं असायचं, तिथे बैलगाड्या सुटल्या होत्या. नारळवाले बसले होते, बत्तासेवाले ओरडत होते. आटपाडीकडची, तासगावकडची माणसं रांग धरून उभी होती आणि ती रांग माळ चढून थेट आकारामच्याच घराच्या दारात शिरत होती.

"काय झालंय हो?" त्यानं रांगेतल्या एका म्हाताऱ्याला विचारलं.

"तुला ठावं न्हाई? सावळा जलमलाय, सावळा! ओठ निळं, नखं निळी. एकदा बगून आलो, पुन्यांदा निगालोय. आता मराया मोकळा झालो गड्या!"

त्या घरात तान्हं मूल एकच होतं, थोरल्या भावाचं, कोंडीबाचं. तीन महिन्यांचं.

आत पाळण्याशेजारी घोंगडीवर एक गलेलठ्ठ गृहस्थ मांडी ठोकून बसले होते. हे सावळेबाबा. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत हे लोणंदच्या बाजारात कांद्याचे दलाल होते आणि त्यांना लोक नुसतं आप्पासो म्हणत. बाळाचे ओठ निळे पडल्याची बातमी कानावर गेली आणि गृहस्थांना एकाएकी साक्षात्कार झाला. कांदा ओरडून विकलेला गळा, तो आता देवाच्या कामी आला होता.

"द्वापारात गोकुळ, कलियुगात खिलारमाळ! तवा गाई राखल्या, आता मेंढरं राखणाऱ्याच्या घरी आला! चला, पुढं सरका! हात लावू नगा, देव दमतोय!"

देव खरंच दमत होता. त्याचे ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे दिसत होते, नखं राखेच्या रंगाची झाली होती आणि इवली छाती भराभर वरखाली होत होती.

"भावजी," राहीवहिनी हळूच म्हणाली, "दोन दिस झालं, रडत बी न्हाई. बाबा म्हणत्यात, देव रडत नसतो."

"दूध पितो का?"

"माझं कुठलं दूध? दुष्काळात अंग वाळलं, दूध उतरलंच न्हाई. दुष्काळी कामावर दुधाची पावडर वाटली व्हती, तीच पाजते. बिरोबाच्या हिरीच्या पाण्यात. बाबांनी सांगितलंय, देवाला देवाचंच तीर्थ. आन् तुमी पत्रात लिवलं व्हतं तसंच करते बगा, पाणी चांगलं उकळून, निम्मं आटवून."

आकारामला तेवढ्यापुरतं बरं वाटलं. निदान आपलं एक तरी घरात ऐकलं गेलं.

आकाराम सांगलीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता. धनगराच्या वाडीतलं कॉलेजात गेलेलं ते पहिलं पोर. यंदा मेहेंदळे सरांनी वर्गात पर्यावरण नावाचा नवा विषय सुरू केला होता आणि निम्मा वर्ग त्यावर हसत होता. ओढे, विहिरी आणि माती शिकून नोकरी कोण देणार? हसणाऱ्यांत आकारामही होता. पण पाळण्यातले ओठ बघताना त्याला सरांचं एक वाक्य आठवलं. खताच्या ढिगाजवळच्या विहिरींमुळे परदेशात तान्ही मुलं निळी पडली होती. परीक्षेला येणार नाही म्हणून त्यानं ते समासात लिहिलं होतं.

"दादा, पोराला डॉक्टरकडे न्यायला पाहिजे."

कोंडीबाचा चेहरा उतरला. रांगेतली चार डोकी वळली.

"देवाला डाक्टर?" बाबा खदखदून हसले. "शिकलेलं पोरगं हाय, सांगलीची हवा लागलीया! अरं लेकरा, सुई टोचली तर रगात न्हाई, लोणी निगंल!"

गर्दी हसली. कोंडीबानं भावाला बाजूला घेतलं. "आका, आयुष्यभर गावानं आपल्याला दारात उभं केलं न्हाई. आज आपल्या दारात गाव उभं हाय. तू आता काय बोलू नगंस."

आणि आकाराम बोलला नाही. त्याची खात्री नव्हती. आधी पुरावा आणू, मग बोलू, असं त्यानं ठरवलं. विहिरीचं पाणी बाटलीत भरून दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं तो सांगलीला गेला. त्या निर्णयाचा त्याला पुढे जन्मभर राग येत राहिला.

सुट्टी असूनही सरांनी प्रयोगशाळा उघडली. पाणी आटवलं, परीक्षानळीत घेतलं, त्यात हिराकस या लोखंडाच्या क्षाराचं पाणी घातलं आणि नळीच्या कडेनं तेजाब म्हणजे ॲसिड अलगद खाली सोडलं. दोन थर जिथे भेटले, तिथे तपकिरी कडं उमटलं. नायट्रेट, खतातून पाण्यात उतरणारा क्षार.

"विहिरीजवळ काय आहे रे?"

आकारामनं सांगितलं. मेंढरं एरवी शेतकऱ्यांच्या रानात बसवायची, खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, ही धनगरांची रीत. पण दोन वर्षं दुष्काळ. रानंच ओसाड पडली, तर खत कुणाला हवंय? मग आसपासच्या वाड्यांची सगळी मेंढरं पाण्याच्या आशेनं बिरोबाच्या विहिरीभोवती बसली. लेंड्यांचा गुडघाभर थर साचला. जागा देवाची, म्हणून खतही देवाचं. पाटीभर कुणी उचललं नाही. यंदा पाऊस लागला आणि तो सगळा थर मुरत मुरत विहिरीत उतरला.

"मोठ्यांना सहसा काही होत नाही," सर म्हणाले. "पण इतक्या लहान पोराचं रक्त त्यानं प्राणवायू वाहायचं सोडतं. म्हणून ते निळं पडतं. मिरजेच्या दवाखान्यात न्या. पाणी बंद केलं, एक औषध दिलं, तर वाचेल." मग त्यांनी एकदम विचारलं. "पाणी उकळून पाजत नाहीत ना?"

"पाजतात सर. मीच लिहिलं होतं. निम्मं आटवून."

सरांनी चष्मा काढला. "उकळल्यानं जंतू मरतात आकाराम. हे जंतू नाहीत. पाणी उडून जातं, हे मागे राहतं. दुप्पट होऊन."

सरांनी दिलेल्या हिराकसाच्या, तेजाबाच्या बाटल्या आणि नळ्या पिशवीत घालून तो मिळेल त्या गाडीनं परतला. फाट्यावर गर्दी कालच्यापेक्षा जास्त होती, पण बत्तासेवाला ओरडत नव्हता. बाळ सकाळीच गेलं होतं.

अंगणात बाबांचा गळा चालूच होता. "देव निजधामाला गेला! कार्य झालं, गेला! हितं समाधी बांदायची. आन् शोक कशाला? जाता जाता भैनीला धाडलंय त्यानं!" त्यांनी साळूबाईकडे बोट केलं. साळूबाई शेजारची, तीही पोरीला त्याच तीर्थात पावडर कालवून पाजायची. तिच्या मांडीवर दोन महिन्यांची पोर होती आणि पोरीच्या ओठांच्या कडा निळसर व्हायला लागल्या होत्या. साळूबाई भीत भीत हसत होती. बायका तिच्या पाया पडत होत्या.

आकारामनं पिशवी ओट्यावर ठेवली.

"बाबा, मला दोन पाणी पायजेत. एक हिरीचं. एक तुमच्या तांब्यातलं."

"घे की! तीर्थच हाय!"

त्यानं घरच्या चुलीवर दोन्ही पाणी आटवलं. तिसऱ्या भांड्यात विहिरीकाठच्या कुजलेल्या लेंड्या भिजवून दोनदा फडक्यातून गाळल्या. तिन्ही नळ्यांत हिराकसाचं पाणी घालून त्या लोकांसमोर ओळीनं धरल्या आणि तेजाब सोडलं. विहिरीच्या पाण्यात तपकिरी कडं उमटलं. लेंड्यांच्या पाण्यात तेच कडं उमटलं, जास्त गडद. बाबांच्या तांब्यातलं पाणी होतं तसंच राहिलं.

"हे हिरीचं तीर्थ आन् हे लेंड्यांचं पाणी, दोन्हीत एकच हाय बगा. ह्येच्यानंच पोरं निळी पडत्यात. देव न्हाई, सावळा न्हाई, श्वास कोंडल्याचा रंग हाय ह्यो!" आकारामनं तांब्यातल्या पाण्याची नळी उंच धरली. "आन् बाबा, तुमच्या तांब्यात हिरीचं पाणी न्हाईच. कुठलं हाय?"

बाबांनी तांब्या घोंगडीआड सरकवला. तेवढ्यात मागून म्हातारी धोंडुबाई म्हणाली, "आवं, ओढ्यातल्या झिऱ्याचं हाय. रोज म्याच आणती. बाबा म्हणलं, हिरीचं पाणी घशाला मचूळ लागतंय."

मग साळूबाई उठली. तिनं पोर छातीशी घेतली आणि कुणाशी एक शब्द न बोलता फाट्याच्या दिशेनं चालू लागली. मग पळू लागली. तिच्या मागे तिचा नवरा पळाला. बाबांनी घोंगडी गुंडाळायला घेतली, तेव्हा त्यांना कुणी अडवलं नाही की कुणी पायही धरले नाहीत. साळूबाईची पोर मिरजेला आठ दिवस राहून गोरीगोमटी परत आली, एवढं इथेच सांगून टाकतो.

पण राहीवहिनी जागची हलली नव्हती.

"भावजी," ती म्हणाली, "बाबानं हिरीचं पाणी पाजाया सांगितलं. तुमी उकळाया सांगितलं. म्या दोघांचं बी ऐकलं. मग म्या ऐकाया कुणाचं पायजे व्हतं?"

बाबांसारखं बोलणं सोपं होतं. देवाची इच्छा म्हणता आलं असतं, माहीत नव्हतं म्हणता आलं असतं. आकाराम तिच्यासमोर मातीत बसला.

"वहिनी, मी चुकलो. अर्धं शिकलो आन् पुरं सांगितलं. शंका आली तवा बी गप बसलो. बाबाचं ऐकू नगा. माझं बी नुसतं ऐकू नगा. कोण सांगतंय ते बगू नगा, खरं हाय का ते करून बगा."

वाचणाऱ्यांनो, माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या दारात उद्या चमत्कार आला, तर नारळ फोडण्याआधी त्याचं पाणी तपासा. चमत्कार सांगणारा स्वतः कुठलं पाणी पितो, तेही बघा. आणि विज्ञान सांगणारा आला, तर त्यालाही तोच प्रश्न विचारा. खरं असेल, तर त्याला राग येणार नाही.

राहीवहिनीनं पदरानं डोळे पुसले. पाळण्याखाली तिनंच काल आटवून ठेवलेल्या पाण्याचं पातेलं होतं. ते तिनं पुढे सरकवलं आणि एक रिकामी नळी हातात घेतली.

"ह्या पाण्याचं बी करून दावा," ती म्हणाली. "आन् तेजाब मी वतणार."