टाकीच्या पुढे

कुरियरच्या डेपोत सगळे त्याला 'नकाशा' म्हणत. लोक पत्ता लिहितात म्हणजे उपकारच करतात. 'किराणा दुकानाजवळ' एवढं लिहून मोकळे होतात, मग ते दुकान कधीचं बंद पडलेलं का असेना. असल्या पत्त्यांवरही नकाशा पार्सल पोचवायचा आणि त्याचा त्याला माज होता. बावीस वर्षांच्या नोकरीत तेवढंच काय ते कमावलेलं.

ते पार्सल हातात आलं तेव्हा तो मनात हसलाच. कापडात शिवलेलं, वर थरथरत्या हाताने लिहिलेलं: 'बेबीला मिळो. पाण्याच्या टाकीच्या पुढे, पिवळं घर, वरचा मजला.' फोन नंबरात एक आकडा कमी. पाठवणारीचा पत्ता मात्र काउंटरवर छापलेला, अगदी खणखणीत. एका कोपऱ्यात शिवण उसवली होती आणि तिथून लोकरीचा मोजा डोकावत होता, जेमतेम अंगठ्याएवढा.

दोन दिवस तो टाकीसमोर फिरला. टाकीच्या पुढ्यात एक गॅरेज, एक न्हाव्याचं दुकान आणि लांबच लांब भिंत. पिवळं घर औषधालासुद्धा नाही.

"इथे कसली बेबी?" न्हावी म्हणाला. "इथे सगळे माझ्याच वयाचे."

तिसऱ्या दिवशी पार्सल निकालात काढावंच लागे. हातातल्या मशीनवर तीन पर्याय असत: घर बंद, पत्ता अपूर्ण, घेण्यास नकार. 'घर बंद' दाबलं की पुन्हा फेरा गळ्यात. 'पत्ता अपूर्ण' दाबलं की साहेब बोलावून घ्यायचे, ड्रायव्हरच्या नावावर शेरा पडायचा, आणि नकाशाला घर सापडलं नाही म्हटल्यावर डेपोभर हसं झालं असतं ते वेगळंच. 'घेण्यास नकार' दाबलं तर कुणी काही विचारत नसे. सगळे ड्रायव्हर तेच दाबत. त्यानेही दाबलं. सुंठीवाचून खोकला गेला.

महिन्याभराने त्याच बाजूचं एक खोकं आलं. टाकी ओलांडून, वळण घेऊन, चार घरं सोडून. गाडी थांबवून त्याने वर बघितलं. घर पिवळं होतं.

टाकीच्या पुढे म्हणजे टाकीसमोर, असं त्याने धरलं होतं. लिहिणारीला म्हणायचं होतं, टाकी मागे टाकून पुढे या. इथेच घोडं पेंड खात होतं, आणि ते त्याच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण एका न्हाव्यापलीकडे आणखी कुणाला विचारायचं म्हणजे त्याला कमीपणा वाटे.

खोकं खालच्या मजल्यावरच्या बाईंचं होतं; त्या घरात नव्हत्या, म्हणून ते वर द्यायला तो जिना चढला. वरचं दार एका तरुण बाईने उघडलं. खांद्यावर बाळ होतं.

"दादा, इकडची पार्सलं तुम्हीच आणता ना? गेल्या महिन्यात माझ्या आईचं काही आलं होतं का हो?"

"बेबी तुम्हीच का?" त्याच्या तोंडून निसटलं.

"मला आईशिवाय कुणी बेबी म्हणत नाही."

मग तिने सांगितलं. लग्न आईच्या मनाविरुद्ध केलं, तीन वर्षं अबोला. बाळ झाल्यावर आईने आपणहून फोन केला, काहीतरी पाठवतेय, मिळालं की कळव. आणि पुढे फोन उचलणंच बंद केलं. शेवटी मामाकडून कळलं, पार्सल परत गेलं होतं, वर 'घेण्यास नकार' छापलेलं.

"मी कधी नकार दिला हो? मला कुणी विचारलंसुद्धा नाही."

'ऑफिसात चौकशी करा' हे वाक्य त्याच्या अगदी ओठांवर होतं. तक्रार झाली तर नोकरी जाणार, हेही त्याला कळत होतं. पण बाळाचे पाय उघडे होते.

"ताई, ते मी दाबलं," तो म्हणाला. "तुमचं घर मला सापडलं नाही. तसं सांगायची लाज वाटली."

ती म्हणाली, "हे आईला सांगा. आत्ता. माझा फोन ती घेत नाही."

त्याने स्वतःच्या फोनवरून तिने सांगितलेला नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि म्हातारीला सगळं सांगितलं, काही न लपवता.

"टाकीच्या पुढे, पिवळं घर," म्हातारी म्हणाली. "लहान पोरसुद्धा जाईल. तुला नाही सापडलं?"

"मी टाकीसमोर शोधत बसलो, मावशी."

"आणि आज बरं सापडलं!"

"खालच्या बाईंचं खोकं द्यायला आलो, म्हणून..."

"हे बघ बाबा, छापील कागद आहे माझ्याकडे. नको होतं तर नको होतं. पण त्यासाठी माणूस उभा करून खोटं बोलायला लावू नये म्हणावं तिला."

"आई, अगं मी..."

म्हातारी म्हणाली, "ते कपडे मी देऊन टाकलेत," आणि फोन बंद झाला. त्याने पुन्हा लावला, पुन्हा लावला. आता त्याचाही उचलला जात नव्हता.

लेकीने त्याला शिव्या घातल्या असत्या तर त्याने मुकाट ऐकून घेतल्या असत्या. पण ती ओरडली नाही. तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि त्याच्या बगलेतल्या खालच्या बाईंच्या खोक्याकडे बघत विचारलं, "याची सही कुठे करायची?"