नासलेले तीन प्रकार

राज्यशास्त्राच्या बाईंना कॉलेजातली मुलं पाठीमागे ‘मिरची’ म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं. नव्या पाठ्यपुस्तकाची प्रत हातात पडली त्या दिवशी मात्र त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शासनप्रकारांचा धडा त्यांनीच लिहिला होता. राज्य एकाचं, थोड्यांचं, की सगळ्यांचं; आणि सत्ता आपल्याच पोटासाठी राबवली की प्रत्येक प्रकार कसा नासतो. राजाचा जुलमी होतो, जाणत्यांच्या जागी धनदांडगे येतात, लोकांच्या राज्याची झुंडशाही होते. पुस्तकात चांगले तीन प्रकार होते. नासलेले तिन्ही गायब! वर शेपूट जोडलेलं : ‘आपल्या देशाने या तिन्हींतलं उत्तम तेवढं घेतलं आहे.’ आणि खाली बाईंचं नाव.

पाठ्यपुस्तक मंडळाचा अध्यक्ष त्यांचा सख्खा थोरला भाऊ. शिपाई “साहेब कामात आहेत” म्हणेपर्यंत बाई आत पोचल्या होत्या.

“दादा, हे कोणी केलं?”

“आधी बस. पाणी घे.”

“पाणी गेलं खड्ड्यात. कोणी केलं?”

“मी.” दादाने चष्मा काढला. “सोळा-सतरा वर्षांची पोरं ती. त्यांना नासलेलं कशाला दाखवायचं?”

“मग डॉक्टरांनाही नुसती धडधाकट माणसंच दाखवून शिकवा! निवडणूक तिसऱ्यांदा पुढे ढकलली, तेव्हा माझ्या घरी जेवताना काय म्हणालास? हे राज्य नाही, ही मालकी आहे, म्हणालास.”

दादा झटकन उठला आणि त्याने दार लावून घेतलं. “हळू बोल. घरातलं घरात.”

“दार लावलंस ना? आता तूच सांग, हा कुठला प्रकार?”

“तोंड सांभाळ. तुझी नोकरी दोनदा मी वाचवलीय. तुला पत्ता तरी आहे?”

हे मात्र बाईंच्या जिव्हारी लागलं. इतकी वर्षं आपण आपल्या हिमतीवर ताठ मानेने शिकवतोय, अशी त्यांची समजूत होती.

“यापुढे वाचवू नकोस,” म्हणून त्या निघाल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी पुस्तकं मिटायला सांगितली आणि गाळलेले तिन्ही प्रकार फळ्यावर लिहिले. मागून एका मुलीने विचारलं, “बाई, मग आपण कशात?”

एरवी बाईंनी हा प्रश्न हसून टोलवला असता. आज त्या हसल्या नाहीत. “तीन गोष्टी बघा. राज्य कोण करतं, कोणासाठी करतं, आणि नको झाले तर त्यांना घालवता येतं का? आता बोला.”

मुलं बोलली. एकमेकांवर ओरडलीसुद्धा. प्राचार्य दारात येऊन म्हणाले, “मॅडम, जरा बाहेर या.”

“तास संपल्यावर,” बाई म्हणाल्या.

आठवड्याच्या आत त्यांचे तास काढून घेतले. त्यांना परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायला बसवलं.

रविवारी दादा घरी आला. “पुढच्या आवृत्तीत तुझं नाव नसेल,” तो खाली बघत म्हणाला.

“आणि ते तीन प्रकार?”

दादा हात धुऊन जेवायला बसला.

बाईंनी त्याच्यापुढे ताट आदळलं. “जेवायचं तर जेव. पण या घरात बसून पुन्हा राज्यकर्त्यांना शिव्या घालायच्या नाहीत. ती सोय आता बंद.”