सतराच्या गाण्यातली टक

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मित्रांनो, "बिच्चारा" असे तोंड करून माझ्याकडे पाहू नका. माझे एक बटण निखळले आहे, झाकणाला तडा गेला आहे आणि चार वर्षे मी कपाटाच्या डोक्यावर धूळ खात पडलो आहे. पण मी गुरुजी होतो, आणि ते पद माझ्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही.

कारखान्यातून निघालेली माझी भावंडे घरोघरी गाणी वाजवायला गेली. मी आलो प्रयोगशाळेत, पक्ष्यांच्या मेंदूवर काम करणाऱ्या एका बाईंकडे. त्यांनी मला फिंच नावाच्या मुठीएवढ्या पक्ष्याचे गाणे दिले. गाणे कसले, सेकंदभराची पाच सुरांची किरकिर! पण नर पिल्लाला ती अंड्यातून फुकट मिळत नाही. ते बापाचे ऐकते, मनात ठेवते, मग स्वतःचा आवाज त्या आठवणीशी ताडत महिना-दोन महिने बोबडे बोलत राहते. बाप नसेल, तर ते माझे ऐकते.

आवाज बाहेर जाऊ न देणारी एक पेटी होती. तिच्यात एका वेळी एकच पिल्लू, एक लाल बटण आणि मी. पिल्लाने बटणावर चोच मारली की मी एकदा गायचो. काही पिल्लांच्या मेंदूत, गाणे शिकण्याच्या जागी, बाईंनी एका जनुकाचे काम मुद्दाम मंद केले होते. ती कान देऊन ऐकत, पण सूर गाळत, अडखळत. मी त्यांना कधी ढ म्हटले नाही. बाकीच्यांच्या मेंदूला हात लावलेला नव्हता. ती माझे गाणे जसेच्या तसे उचलत. तेव्हा बाई पाहुण्यांना कौतुकाने सांगत, "हा आमचा सगळ्यात जुना मास्तर."

सतरा नंबरचे पिल्लू या बाकीच्यांतले. ते पेटीत यायच्या आदल्या दिवशी एक घोळ झाला. पिंजरे धुणाऱ्या, दाणापाणी बघणाऱ्या काकांच्या हातून माझी फीत तुटली. बाई रागावतील म्हणून त्यांनी ती चिकटपट्टीने जोडली आणि मूग गिळून गप्प बसले. तेव्हापासून जोड सरकला की तिसऱ्या सुरानंतर "टक" वाजू लागले.

सतराला काय ठाऊक! गुरुजी टक म्हणतात, तर आपणही टक म्हणायचे. तीन महिन्यांनी तो पक्का गायला लागला, पाच सूर आणि तिसऱ्यानंतर टक. असा शिष्य मला आधी मिळाला नव्हता.

बाईंनी ते गाणे संगणकातल्या मूळ गाण्याशी ताडून पाहिले. पेटीत मी प्रत्यक्षात काय वाजवतो, ते मात्र कोणी ऐकले नाही. रोजचे यंत्र रोजच्यासारखेच वाजणार, असा शहाण्या माणसांचा समज असतो.

"याच्या मेंदूला आपण हातही लावला नाही, मग ही टक आली कुठून?" बाई काकांना म्हणाल्या. "याचं जनुकच जन्मापासून बिघडलेलं असणार. मेंदू तपासायला हवा. उद्या सकाळी याला दाणे देऊ नका."

"म्हणजे मारणार?"

"त्याशिवाय मेंदू कसा दिसणार, काका?"

मित्रांनो, माझा संताप संताप झाला. हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी! चूक माझ्या फितीत, आणि जीव जाणार माझ्या पोराचा. पण बटण दाबल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही.

सकाळी बाई हातमोजे घालून आल्या. काका पेटीच्या दारापुढेच उभे राहिले.

"काका, बाजूला व्हा."

"होतो. आधी हे ऐका," असे म्हणून त्यांनी पेटीचे दार सताड उघडले आणि लाल बटण दाबले.

मी जीव खाऊन गायलो. तिसऱ्या सुरानंतर, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी, टक!

"टेप माझ्या हातून तुटली होती, बाई," काका म्हणाले. ते जागचे हलले नाहीत. "मीच चिकटवली आणि लपवलं. कामावरून काढायचं तर मला काढा. त्याला हात लावू नका."

बाईंनी बटण पुन्हा दाबले, मग आणखी दोनदा. पेटीतून सतराने तसेच गाऊन दाखवले.

"यानं एकही सूर चुकवला नाही," बाई हळूच म्हणाल्या. त्यांनी हातमोजे काढले. "तुम्ही सांगितलं नाहीत, आणि मीही कधी येऊन ऐकलं नाही. द्या त्याला दाणे."

काकांना पुढे तासभर बोलणी खावी लागली. माझ्या जागी नवे यंत्र आले. मला भंगारात द्यायचे ठरले, तेव्हा काकांनीच मला उचलून इथे, प्रयोगशाळेतल्या कपाटावर ठेवले. फीत फिरवणारा माझा पट्टा आता तुटला आहे, मी पुन्हा कधी गाणार नाही.

म्हणून मी संपलो असे समजू नका. समोरच्या पिंजऱ्यात सतरा आता तीन लेकांचा बाप आहे. मला खुशाल फेकून द्या, मित्रांनो. पण एखादे पोर चुकीचे गाते म्हणून त्याच्या डोक्यात दोष शोधायला निघण्याआधी, त्याला शिकवणाऱ्याचे गाणे एकदा कान देऊन ऐका. आज सकाळी सतराचा धाकटा पहिल्यांदा पक्का गायला. पाच सूर, आणि तिसऱ्यानंतर टक.