जयवंताबाईंची शिकवणी

“देवा, मागल्या मंगळवारीबी सांगितलं व्हतं, गुडघ्याकडं बघ म्हणून. बघितलंस का? न्हाय.”

जयवंताबाई डोक्यावर पदर घेऊन, डोळे मिटून शेगडीपुढं उभ्या होत्या. शेजारी रेश्माही डोळे मिटून हसू दाबत होती. करपट वास आला तशी तिनं एक डोळा किलकिला केला.

“भाकर उलट,” जयवंताबाई त्याच सुरात म्हणाल्या. “आन् देवा, ह्या पोरीला अक्कल दे. डोळं मिटलं तरी नाक उघडं ठेवावं, एवढंबी हिला कुणी शिकवलं न्हाय. आमेन.”

खरंच कुणी शिकवलं नव्हतं. आईवेगळी रेश्मा पुण्यात वसतिगृहात वाढली आणि तिथून थेट लग्न होऊन बारामतीत आली. नवरा रविराज माळेगावच्या साखर कारखान्यात होता. घरात सासू नव्हती. रविराज तिच्या भाकरी तक्रार न करता चघळायचा आणि नंतर बराच वेळ जबडा चोळत बसायचा. अशात चर्चच्या महिला मंडळात धर्मगुरूंच्या पत्नीनं, पाळकीणबाईंनी टूम काढली, की एकेका वडीलधाऱ्या बाईनं एकेक नवी सून हाताशी धरावी, तिला संसार आणि भक्ती दोन्ही शिकवावं. बाकीच्या सुनांनी मऊ बोलणाऱ्या बाया भराभर पटकावल्या. रेश्मा उशिरा पोचली आणि तिच्या वाट्याला जयवंताबाई आल्या.

भाकरी हळूहळू फुगायला लागली. प्रार्थना मात्र जमेना. “हे सर्वसमर्थ स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या चरणी नम्र विनंती करतो की,” अशी सुरुवात झाली की जयवंताबाई कपाळावर हात मारायच्या.

“तहसीलदाराला अर्ज करतीस व्हय? बाप हाय त्यो! घरात काय झालं त्ये सांग की.”

“मावशी, चारचौघांत मला बोलताच येत नाही.”

“मंग शनवारी बोल. मंडळाची सभा तुझ्याच घरी ठेवलीया मी.”

शनिवारी सकाळी रविराजनं पळसदेवहून चिलापी मागवली होती. मासळी घेऊन एक ठेंगणी, जाड भिंगाचा चष्मा लावलेली म्हातारी स्वतःच एसटीनं आली. नाव बानूबाई. आपल्याच धर्माच्या आहेत म्हटल्यावर रेश्मानं त्यांना आग्रहानं सभेला थांबवून घेतलं.

दुपारी जयवंताबाई दारात आल्या आणि उंबऱ्यावरच थबकल्या. बानूबाई त्यांची सख्खी नणंद. बारा वर्षांत दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. जयवंताबाईंचे यजमान रक्तदाबानं गेले, तेव्हा बानूबाई दफनभूमीत सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, “माझ्या भावाला हिनं खारट खाऊ घालून मारलं.” हे सगळ्या मंडळीला ठाऊक होतं, एक रेश्मा सोडून.

जयवंताबाई आत येऊन भिंतीकडं तोंड करून बसल्या. बानूबाई खिडकीकडं तोंड करून बसल्या. मधल्या सतरंजीवर बाकीच्या बाया श्वास रोखून बसल्या. गीत झालं, पाळकीणबाईंचा संदेश झाला. तेवढ्यात बानूबाई पाणी प्यायला म्हणून आत गेल्या, रेश्मानं केलेलं माशाचं कालवण चाखलं, अळणी वाटलं, मूठभर मीठ टाकून आल्या. मग जयवंताबाई उठल्या. पोरगी घाबरून मीठ विसरली असणार या खात्रीनं न चाखताच त्यांनीही टाकलं. शेवटी रेश्मा आत गेली. मीठ घातलं की नाही अशी सकाळपासून तिला शंका होती, म्हणून तिनंही घातलं. मग चाखलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

वेळ गेली होती. बाया ताटं वाढायला आत आल्या होत्या.

“रेश्मा, जेवणावर प्रार्थना कर,” पाळकीणबाई म्हणाल्या.

रेश्मा उभी राहिली. सर्वसमर्थ शब्दापाशी ती दोनदा अडखळली आणि मग एकदम बोलत सुटली.

“देवा, कालवण खारट झालंय. मी मीठ घातलं. जयवंतामावशींनी घातलं. बानूमावशींनीपण घातलं. दोन्ही वेळा आत मिठाच्या बरणीचं झाकण वाजलं, ते आत्ता कळलं मला. कुणी कुणाला विचारलं नाही. सगळ्यांना वाटलं आपण चांगलंच करतोय. म्हणून दोष कुणा एकीला देऊ नकोस. आम्हाला खायची ताकद दे. आमेन.”

कुणीच आमेन म्हटलं नाही. एका बाईनं तोंडावर पदर घट्ट दाबला. आपण काय बोललो ते रेश्माला कळेना. ती नुसती एकीकडून दुसरीकडं पाहत राहिली.

बानूबाई खिडकीकडं बघतच म्हणाल्या, “खारी मासळी मीच धाडायची. दर म्हैन्याला. दादाला लई आवडायची.”

“मला ठावं हाय,” जयवंताबाई भिंतीला म्हणाल्या. “मीच तळून द्यायची. न्हाय दिली की रुसायचा.”

“मंग तवा बोलली का न्हाईस?”

“तुझा भाऊ गेला व्हता. तुला काय बोलू?”

पाळकीणबाईंनी घाईघाईनं आमेन म्हटलं. बाया जेवायला लागल्या. पहिल्या घासाला सगळ्यांचे चेहरे आक्रसले, कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळ्याच हसल्या. पाण्याचा तांब्या हातोहात फिरू लागला. रेश्मा दुसरा भरायला धावली.

ती परत आली तेव्हा दोघी एका ओळीत बसल्या होत्या. बानूबाई ताटावर वाकून, डोळे बारीक करून काटा शोधत होत्या, तो दिसत नव्हता. जयवंताबाईंनी त्यांच्या ताटातला तुकडा उचलला. एकेक काटा काढून आपल्या ताटाच्या कडेला ठेवला आणि साफ झालेला मासा परत त्यांच्या भाकरीवर ठेवला.

बानूबाईंनी तो खाल्ला आणि ताट जयवंताबाईंकडं थोडं सरकवलं.