फळीचं दुसरं टोक

माणसानं आगाऊपणा करावा, पण समोर कोण उभं आहे ते तरी बघावं, असं पुटपुटत अक्का उंबऱ्यावरचा लाकडाचा भुसा ओल्या फडक्यानं टिपत होत्या. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमधला सुतारमिस्त्री आत्ताच जिना उतरून गेला होता. दारात उभा राहिला तेवढ्या वेळात त्याच्या चपलांतून, बाह्यांतून, कानामागच्या पेन्सिलीवरूनसुद्धा भुसा गळला होता. असल्या माणसानं वर यावं, बेल वाजवावी, आणि काय विचारावं, तर म्हणे तुमच्या मुलाला माझ्याकडे कामाला पाठवता का.

अक्कांना राग आला की एरवी तीन मजले ऐकायचे. पण हल्ली चिडायचं तरी दबक्या आवाजात चिडावं लागे, कारण घरात माणूस झोपलेला होता. म्हणजे झोपलेला आहे, असं सगळ्या इमारतीला माहीत होतं.

झोपलेला माणूस आतल्या खोलीत पडदा ओढून पलंगाच्या कडेला बसला होता. पन्नाशीला टेकलेला, कानांवर पांढरा झालेला, पण घरात अजून बाळच. त्यानं सगळं ऐकलं होतं. दाराची फट बोटभर उघडून तो म्हणाला,

"काय म्हणत होता?"

"काही नाही. दवाखान्याच्या बाकांचं मोठं काम आलंय त्याच्याकडे. फळी कापताना दुसरं टोक धरायला माणूस पाहिजे, पॉलिशपेपर मारायला पाहिजे. म्हणे, झोप झाली की दुपारचं येऊ दे त्याला खाली. पगार देतो म्हणे. मी म्हटलं, हळू बोल बाबा, तो झोपलाय."

"आणि?"

"आणि काय? मी म्हटलं, पन्नास माणसं हाताखाली होती त्याच्या. तुझ्या फळीचं टोक धरायला जन्माला नाही घातला मी त्याला."

बाळ पायाच्या अंगठ्यानं फरशीवरचा एक डाग घासत राहिला. डाग जुना होता, निघणारा नव्हता.

पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात तो सुपरवायझर होता. त्या कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा अक्का सगळ्यांत आधी सावरल्या. सून रडली, बाळ नुसता बसून राहिला. अक्का म्हणाल्या होत्या, कारखान्यानं हिशेब केला ते पैसे आहेत, माझे आहेत, बसून खाऊ, चोरी केली आहे का कुणाची. तिथपर्यंत ठीक होतं. पण एका दुपारी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या बाईनं विचारलं, "मुलगा हल्ली घरीच दिसतो?" आणि अक्कांच्या तोंडून निघून गेलं, "अहो, नवी नोकरी लागली त्याला. मोठी कंपनी आहे. रात्रपाळी असते."

शब्द तोंडातून सुटला तो सुटला. तो परत गिळणं अक्कांच्या रक्तात नव्हतं. त्या दिवसापासून बाळ रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन, पुढच्या जिन्यानं बुटांचा टक्‌टक् आवाज करत खाली उतरे. दारातून मोठ्यानं म्हणे, "येतो गं आई." बाजारातून दोन चकरा मारून, लोक जेवायला घरोघर शिरले की मागच्या लाकडी जिन्यानं बूट हातात घेऊन वर येई. पहाटे परत त्याच्या उलट. मागून उतरायचं, पुढून चढायचं, आणि कुणी भेटलं तर जांभई द्यायची. कारखान्यात कधी एवढी कष्टाची नोकरी नव्हती त्याची.

संध्याकाळी तो निघाला तेव्हा सून ओट्याशी डबा भरत होती. ती डबा खरोखर भरत असे, कारण रिकामा डबा वाजतो. झाकण लावता लावता ती म्हणाली,

"आई, आज बँकेत जाऊन आले."

"मग?"

"पुढच्या वर्षी पोरीच्या कॉलेजची फी भरायची आहे. तोपर्यंत काही उरायचं नाही."

"माझ्या बांगड्या आहेत."

"तुमच्या हातात आहेत त्या काचेच्या आहेत, आई. सोन्याच्या आपण गेल्या महिन्यात दिल्या."

सुनेनं हे टोमण्यासारखं म्हटलं असतं तर अक्कांनी तिचं माहेर काढलं असतं. तिनं ते साधं म्हटलं. अक्कांनी पदराचं टोक ओढून मनगट झाकलं आणि ओटा स्वच्छ असताना परत पुसायला घेतला.

बाळ परत आला तेव्हा अक्का मागच्या दाराशीच वेताच्या मोड्यावर बसलेल्या होत्या. पूर्वी खालून तिसरी पायरी अशी करकरायची की सगळं अंगण जागं व्हावं. पहिल्या पहिल्या दिवसांत तो आवाज झाला की अक्का वाकून बघत, कुणाचा दिवा लागला का. हल्ली जिना गप्प असे. पोरगा शिकला पाय टाकायला, असं त्यांच्या मनात येई आणि त्याचा अभिमानही वाटे. कसला अभिमान, ते त्या स्वतःला विचारत नसत.

बाळ आत आला. बूट भिंतीशी टेकवून ठेवले. पायात मोजे, हातात तसाच भरलेला डबा. आईसमोर उभा राहिला, लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवायला उभा राही तसा.

"आई, मी जाऊ का मिस्त्रीकडे?"

"तुला काय वाटतं?"

"मला कसलंच काम हलकं वाटत नाही. इथे पडद्यामागे बसून मला माझ्याच खोकल्याची भीती वाटते. पण मी दुपारी खाली अंगणात दिसलो, तर इमारतीला कळेल. मग तू खोटी पडशील." तो थांबला. "म्हणून विचारतो."

अक्कांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं. एवढे दिवस त्यांना वाटत होतं की त्या पोराची अब्रू राखताहेत. पोरगा तर उलट म्हणत होता.

"जेवून घे," त्या म्हणाल्या. "मी बघते उद्या."

बघते म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी ठरवलं होतं. मिस्त्रीला एकदाच तोंडावर सांगायचं, दुसरा माणूस बघ, परत माझ्या दारात येऊ नकोस. त्यानं नाद सोडला की पोराच्या डोक्यातलंही जाईल. फीचं त्या बघणार होत्या. कसं, ते मात्र ठरलं नव्हतं. पुढून गेलं तर दहाजणी विचारतील कुठे निघालात, म्हणून त्यांनी मागचा जिना धरला. गुडघ्यांमुळे वर्षभर तरी त्या या बाजूनं उतरल्या नव्हत्या. कठड्याला दोन्ही हातांनी धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत त्या निघाल्या.

वरच्या पायऱ्या दिसायला होत्या तशाच होत्या, मधे झिजलेल्या, काळपट. खालून तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला आणि त्या थांबल्या.

फळी नवी होती. रंग अजून पिवळट. खिळ्यांची डोकी आत बसवून वर लांबीचा लगदा भरून भोकं बुजवलेली. अक्कांनी पायानं चाचपलं, मग कठडा धरून खाली बसल्या आणि हातानं चाचपलं. घोटून काढली होती ती. जिन्याच्या फळीला कुणी एवढा पॉलिशपेपर मारत नाही, तो पाटाला मारतात, पाळण्याला मारतात. त्यांनी वरच्या पायरीवर हात फिरवला. ती जुनीच, पण कडेची फुटलेली कुसळं तासून गुळगुळीत केलेली. तिच्या वरची, तिच्याही वरची.

पत्र्याची शेड समोरच होती. मिस्त्री पाटाएवढ्या फळीवर रंधा मारत होता, अगदी हळू, आवाज होऊ नये असा. त्याच्यामागे बाकं रचलेली होती. पाय जोडून उभे केलेले, दोऱ्यानं बांधलेले, पण एकातही खिळा नाही. सांगाड्यांची रांग नुसती.

"या अक्का," तो म्हणाला. आवाज दबकाच. "बसा."

स्टुलावरचा भुसा त्यानं बाहीनं झटकला. अक्का बसल्या. बोलायचं ते तोंडात तयार होतं, पण निघालं भलतंच.

"एवढी बाकं नुसती बांधून का ठेवलीस? खिळे कोण मारणार?"

"मारतो ना. संध्याकाळी."

"दिवसभर काय करतोस मग?"

"कापतो, तासतो. ठोकाठोक संध्याकाळी ठेवतो, तो कामावर गेला की." त्यानं रंधा उलटा करून पात्यातला भुगा काढला. "तुम्हीच आला होतात सांगायला. वर मुलगा झोपतो दिवसा, हातोडीचा आवाज ऐकू आला तर बघ म्हणून."

आल्या होत्या खऱ्या. खोटं बोलल्याच्या दुसऱ्याच दिवशी आल्या होत्या, खोट्याला बळकटी आणायला. चार लोकांसमोर त्याला झापलं होतं. नंतर त्या विसरूनही गेल्या. दुपारी खाली शांत असतं एवढंच त्यांच्या लक्षात होतं, आणि ती शांतता आपल्या दराऱ्याची आहे असं वाटून त्यांना दोन घास जास्त जात.

"म्हणून काम मागे पडलं तुझं."

"थोडं."

"म्हणून माणूस पाहिजे."

मिस्त्रीनं मान हलवली, हो की नाही ते कळू नये अशी.

अक्कांनी समोर पाहिलं. स्टुलावरून सगळा जिना दिसत होता, खालच्या पायरीपासून त्यांच्या मागच्या दारापर्यंत. रात्री दाराशी त्या ज्या मोड्यावर बसत, तो मोडाही दिसत होता. शेडच्या कोपऱ्यात गुंडाळलेली गादी होती. मिस्त्री इथेच झोपत असे, इमारतीत कुणाला हे नवं नव्हतं. अक्कांनाही नव्हतं. त्यांनी फक्त या स्टुलावर बसून वर कधी पाहिलं नव्हतं.

"ती पायरी कुणी बदलली?"

"मी."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुजली होती. फार वाजायची."

"आणि वरच्या?"

"वरच्या नुसत्या तासल्या. कुसळ फार होतं. उघड्या पायात गेलं की ठणकत राहतं."

"उघड्या पायानं कोण चढतं इथून?"

मिस्त्रीनं कानामागची पेन्सिल काढली, फळीवर काटकोनी गुण्या ठेवला आणि रेघ मारली. रेघ मारून झाल्यावर तीच परत एकदा मारली. मग फुंकर घालून भुसा उडवला.

त्याला विचारलेलं ऐकू आलं नसेल, असं मानायला अक्का तयार होत्या. तेवढी सवलत त्यांनी आयुष्यात कुणाला दिली नव्हती. काल दारात उभा राहून हाच माणूस किती हळू बोलला होता. झोप झाली की दुपारचं येऊ दे, म्हणाला होता. पडद्यामागचा माणूस जागा आहे हे माहीत असलेला माणूस, झोप झाली की, म्हणाला होता. आणि त्यांनी त्याच्यामागे उंबरा पुसून काढला होता.

कान तापले. पदर सरळ करायला गेलेला हात कपाळावरच राहिला. खाली बघावं तर पायाशी भुसा, वर बघावं तर जिना.

मिस्त्रीनं लांब फळी लाकडी घोडीवर आडवी टाकली आणि करवत घेतली. फळीचं पलीकडचं टोक अधांतरी राहिलं, लवत होतं. तो एका गुडघ्यानं ती दाबून करवत लावू लागला. करवत अडकली. त्यानं ती सोडवून परत लावली. परत अडकली.

अक्का उठल्या. पदर कमरेला खोचला आणि जाऊन फळीचं दुसरं टोक धरलं.

"अक्का, राहू द्या. जड आहे."

"काप."

करवत सरळ चालली. फळीतून थरथर हातात आली, दंडात आली, काचेच्या बांगड्या किणकिणत राहिल्या. पिवळा भुसा त्यांच्या पातळावर, पावलांवर पडत होता. त्यांनी झटकला नाही. लाकडाचा शेवटचा तंतू तुटला तेव्हा टोकाचं सगळं वजन एकदम त्यांच्या हातात आलं, आणि गुडघा वाकला, तरी त्यांनी ते खाली पडू दिलं नाही. मिस्त्री येऊन घेईपर्यंत धरून ठेवलं.

मग त्या शेडच्या बाहेर अंगणाच्या मधोमध आल्या. दुपारची वेळ. गॅलरीत कुणी कपडे वाळत घालत होतं, खालच्या मजल्यावरची बाई दारात काही निवडत बसली होती. अक्कांनी मान वर केली आणि कित्येक महिन्यांनी आपल्या आवाजात हाक मारली.

"बाळ, खाली ये. मागच्या जिन्यानं ये. आणि बूट घालून ये."

निवडणाऱ्या बाईचे हात थांबले. वर आधी काहीच झालं नाही. मग पडद्याच्या कड्या सरकल्याचा आवाज आला.

अक्का शेडकडे वळल्या. मिस्त्री हातोडी हातात घेऊन उभा होता. ती कुठे ठेवावी हे त्याला कळत नव्हतं. त्याच्या डोळ्याला डोळा द्यायला त्यांना वेळ लागला, पण दिला.

"मिस्त्री, तुझ्याएवढा आगाऊ माणूस मी बघितला नाही," त्या म्हणाल्या. "मार खिळे. वर कुणी झोपलेलं नाही."